पाद्री जुझे माउरिसिओ यांचं नाव पुरेसं आहे

गेल्या महिन्यात एका मित्राला मी एक रेक्विएम ऐकवलं. मृतांसाठीच्या मिस्साचं संगीत, १८१६ साली रिओ द जानेरोत लिहिलेलं. मित्र कानाचा पक्का आहे, चाळीस वर्षं पाश्चात्त्य संगीत ऐकतो. पहिलं मिनिट संपायच्या आत त्याने हात वर केला आणि म्हणाला, “हा मोझार्ट. उसना आणलेला.” संगीतकाराचं नाव सांगितल्यावर म्हणाला, “हो, तोच तो. ब्राझीलचा मोझार्ट.” आठवड्याभराने त्याचं चार पानी पत्र आलं. त्याचं म्हणणं असं, की पाद्री जुझे माउरिसिओ नुनिस गार्सिया हा युरोपची नक्कल करणारा वसाहतीतला हुशार माणूस. त्याच्या संगीतात ब्राझीलचं काही नाही, आफ्रिकेचं तर नाहीच. त्याची आठवण राहिली आहे ती तो गुलाम बाईचा नातू होता म्हणून आणि दरबाराने त्याला छळलं म्हणून. तेव्हा ‘ब्राझीलचा मोझार्ट’ ही पदवी त्याला मिळाली, यातच त्याने समाधान मानावं.

पत्र खाजगी आहे म्हणून मित्राचं नाव लिहीत नाही. मतं मात्र खाजगी नाहीत. जुझे माउरिसिओ यांचा उल्लेख होतो तिथे ती कमीअधिक शब्दांत भेटतात. माझ्या मते ती चुकीची आहेत, आणि ती बोलायला सोपी असल्यामुळे टिकून राहतात.

पदवीपासूनच सुरुवात करतो. योझेफ मार्टिन क्राउस याला स्वीडनचा मोझार्ट म्हणतात, कारण तो मोझार्टच्याच वर्षी जन्मला आणि स्टॉकहोमच्या दरबारात राहिला. बिल्बाओचा आर्रियागा विशीच्या आतच वारला, म्हणून तो स्पेनचा मोझार्ट. शेवालिए द सें-जॉर्ज यांना ‘कृष्णवर्णी मोझार्ट’ म्हणतात, आणि त्यांचा जन्म तर १७४५चा, मोझार्टच्या दहा वर्षं आधीचा. धाकट्याच्या नावाने थोरल्याला ओळखायचं, हा कुठला सन्मान? अशी पदवी चिकटली की ऐकणाऱ्याचं काम आधीच ठरून जातं. जे मोझार्टसारखं वाटेल ते त्याला ऐकू येतं आणि त्याला तो नक्कल म्हणतो. जे तसं नसेल ते कच्चं राहिलं असं मानतो. दोन्हीकडून हरलेल्या माणसाला पदवी कसली देता?

जुझे माउरिसिओ यांचा जन्म २२ सप्टेंबर १७६७चा, रिओतला. वडील आपोलिनारिओ शिंपी होते. आई व्हिक्टोरिया मारिया दा क्रूझ, आणि आईची आई गिनीच्या किनाऱ्यावरून आणलेली गुलाम. वडील गेले तेव्हा मुलगा जेमतेम सहा वर्षांचा होता. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात आणि मग थेट चमत्कारावर उडी मारतात: अशा घरातून असा संगीतकार! माझा पहिला विरोध या उद्गारचिन्हाला आहे.

कारण मधला भाग गाळला जातो. मुलाला संगीत शिकवलं साल्व्हादोर जुझे दि आल्मेदा इ फारिया यांनी. ते मिनास जेराइसचे. अठराव्या शतकात त्या सोन्याच्या मुलखात गावोगाव चर्चं उभी राहिली, आणि प्रत्येक चर्चच्या पाठीशी धर्मबंधूंचे संघ होते, इर्मांदाद. हे संघ सणासाठी, पवित्र आठवड्यासाठी, एखाद्याच्या अंत्यविधीसाठी करार करून संगीत घेत. ते लिहिणारे आणि वाजवणारे बहुतेक मिश्रवर्णीय होते. त्यांच्यातलाच एक थोर माणूस, जुझे जुआकिं एमेरिको लोबो दि मेस्किता, शेवटची वर्षं रिओतच ऑर्गनवादक म्हणून राहिला आणि १८०५ साली तिथेच वारला. ही सगळी परंपरा धुळीतून बाहेर काढली ती फ्रान्सिस्को कुर्ट लांगे या संशोधकाने, विसाव्या शतकाच्या मध्यावर, घराघरांतून हस्तलिखितं गोळा करून. म्हणजे रिओतल्या शिंप्याचा मुलगा आकाशातून पडला नव्हता. त्याच्या रंगाचे, त्याच्या थरातले, चर्चच्या कामावर पोट भरणारे संगीतकार त्याच्या आधी दोन-तीन पिढ्या काम करत होते. १७८४ साली रिओत संगीतकारांचा संत सेसिलियाचा संघ स्थापन झाला तेव्हा त्या स्थापनेत हा सोळा वर्षांचा मुलगाही होता. चमत्काराला संघ लागत नाही. धंद्यात उतरलेल्या माणसाला लागतो.

पुढे वक्तृत्वाचं शिक्षण त्यांनी मानुएल इनासिओ दा सिल्व्हा आल्व्हारेंगा या कवीकडे घेतलं. हे कवीही मिश्रवर्णीय. १७९१ साली पाद्री होण्यासाठी अर्ज केला. त्या काळी गुलामाच्या वंशात जन्मणं हा ‘रंगाचा दोष’ मानला जाई आणि त्यातून सूट मागावी लागे. ती मागितली, मिळाली, आणि १७९२ मध्ये दीक्षा झाली. चर्चच्या दारात आपल्या आजीच्या रंगाची माफी मागून आत जाणं म्हणजे काय, याचा विचार त्यांच्या संगीतात ‘आफ्रिका कुठे आहे’ असं विचारणाऱ्याने एकदा तरी करावा. त्या प्रश्नाकडे मी नंतर येतो.

१७९८ साली ते रिओच्या कॅथेड्रलचे मेस्त्रि दि कापेला झाले. गायकवृंद सांभाळायचा, ऑर्गन वाजवायचा, वर्षभराच्या सणांना लागेल ते संगीत लिहायचं, असं हे पद. कॅथेड्रल तरी कुठे होतं? शहराला त्या वेळी स्वतःची अशी मोठी इमारत नव्हती. १७३७ पासून कॅथेड्रलचा कारभार रोझारियोच्या चर्चमध्ये चालत असे, आणि ते चर्च होतं काळ्या लोकांच्या संघाचं: रोझरीची माता आणि संत बेनेदितो यांच्या नावाचं. गोरे कॅनन, म्हणजे कॅथेड्रलचे पाद्री, काळ्यांच्या घरी पाहुणे होते, आणि त्या घरात संगीताचा प्रमुख होता गुलाम बाईचा नातू. मार्च १८०८ मध्ये नेपोलियनच्या धास्तीने पोर्तुगालचा सगळा दरबार जहाजं भरून रिओला उतरला, तेव्हा राजपुत्र दों जुआंव आभाराच्या प्रार्थनेसाठी याच चर्चमध्ये आले. तिथलं संगीत ऐकून त्यांनी काय ठरवलं असेल ते पुढच्या घटनांवरून कळतं. त्याच वर्षी रॉयल चॅपल स्थापन झालं आणि २६ नोव्हेंबरला पाद्री जुझे माउरिसिओ तिथले प्रमुख नेमले गेले. गायन-वादन बसवायचं, ऑर्गन सांभाळायचा, शिकवायचं, आणि या सगळ्याला वर्षाला ६,००,००० रेइस. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी सत्तरच्या आसपास रचना केल्या. मधल्या काळात १८०९ साली त्यांना ऑर्डर ऑफ क्राइस्टचा सन्मान मिळाला. राजपुत्राने एका सरदाराच्या छातीवरचं पदक काढून त्यांच्या छातीवर लावलं, असं सांगतात.

आता रेक्विएम. माझ्या मित्राचा कान खोटं बोलत नाही. १८१६च्या या रेक्विएमची सुरुवात मोझार्टच्या रेक्विएमची आठवण करून देते. स्वरही तोच, डी मायनर. मोझार्टचं रेक्विएम १८०० साली लाइपझिगला छापलं गेलं होतं, आणि जुझे माउरिसिओ यांनी ते १८१६ पर्यंत पाहिलं असावं असं मलाही वाटतं. पण पाहिलं, ओळखीचं वाटलं, म्हणजे उसनं घेतलं, हा जो तिसरा टप्पा आहे तो मला मान्य नाही. त्याच कसोटीवर मोझार्टला उभं करून पाहू.

मोझार्टच्या रेक्विएमची सुरुवात हँडलने १७३७ साली राणी कॅरोलाइनच्या अंत्ययात्रेसाठी लिहिलेल्या संगीतावर उभी आहे. हे मी शोधून काढलेलं नाही, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोक हे सांगत आले आहेत. किरिएच्या फ्यूगचा विषयही हँडलकडे सापडतो, ‘मसाया’तसुद्धा. आणि साल्झबुर्गमध्ये डिसेंबर १७७१ मध्ये आर्चबिशप सिगिसमुंड वारले तेव्हा मिखाएल हायडन यांनी काही दिवसांत लिहिलेलं रेक्विएम आहेच. पंधरा वर्षांच्या मोझार्टने ते तिथेच ऐकलं होतं, आणि वीस वर्षांनी त्याच्या स्वतःच्या रेक्विएममध्ये त्याचे पडसाद स्पष्ट उमटतात. १७७१च्याच आरंभी मिखाएल हायडन यांची एकुलती एक लहानगी मुलगी गेली होती. मिखाएल हायडन हेसुद्धा चर्चचे ऑर्गनवादक, मोठ्या भावाच्या सावलीत राहिलेले. मोझार्टने त्यांच्याकडून घेतलं, हे आपण आदरांजली म्हणून सांगतो. रिओच्या पाद्रीने मोझार्टकडून घेतलं की ती नक्कल होते. घेण्याची क्रिया एकच आहे. फरक फक्त घेणाऱ्याच्या पत्त्यात आणि कातडीत आहे.

चर्चचं संगीत असंच चालतं. शब्द ठरलेले, विधी ठरलेला, दिवस ठरलेला. मृतांच्या मिस्साला कुठला स्वर शोभतो, कुठे सगळ्यांनी एकत्र यायचं, कुठे फ्यूग हवा, हे पिढ्यांनी ठरवलेलं. आपल्याकडे भजनात एकाच चालीवर पन्नास अभंग म्हटले जातात आणि कुणी तुकोबांच्या अभंगाला नामदेवांची चाल चोरली म्हणत नाही. चाल ही सगळ्यांची असते. ती घेऊन कुणी काय केलं हे ऐकायचं असतं. मोझार्टचा मुद्दा बाजूला ठेवून १८१६चं ते रेक्विएम शेवटपर्यंत ऐकलं तर कळतं, की सुरुवातीनंतर ते आपल्या वाटेने जातं. एकल आवाजांना दिलेले लांब, गोड, इटालियन वळणाचे भाग मोझार्टचे नाहीत. ते लिस्बनहून आलेल्या दरबारी गायकांच्या गळ्यासाठी लिहायची सवय झालेल्या माणसाचे आहेत. ते रेक्विएम पोर्तुगालच्या राणी मारियासाठी होतं. राणी २० मार्च १८१६ला गेली. त्याच सुमारास जुझे माउरिसिओ यांची आईही गेली, व्हिक्टोरिया, गुलाम बाईची मुलगी. राज्याच्या शोकाचं संगीत लिहिताना या माणसाच्या घरात कसला शोक होता, हे मला त्या पानांत ऐकू येतं, आणि ते कुणाकडून उसनं घेता येत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. १७९० साली, तेवीस वर्षांचे असताना, त्यांनी एक शोकसिंफनी लिहिली. त्या वर्षी मोझार्टच्या रेक्विएमची एक ओळही लिहिलेली नव्हती. १७९३चं नाताळचं ग्रॅड्युअल, ‘दिएस सांक्तिफिकातुस’, घ्या. पवित्र आठवड्यासाठी चार आवाजांत लिहिलेलं ‘यूदास मेर्कातोर’ घ्या. तिथे मोझार्ट शोधणाऱ्याला फार वेळ लागेल.

मित्राच्या पत्रातलं एक वाक्य मला सर्वांत जास्त लागलं. “या संगीतात आफ्रिका कुठे ऐकू येते?” हा प्रश्न सहानुभूतीच्या वेषात येतो, म्हणून तो अधिक घातक. गोऱ्या संगीतकाराला कुणी विचारत नाही की तुझ्या मिस्सामध्ये तुझ्या आजीचं गाव कुठे आहे. काळ्या माणसाने मात्र आपल्या संगीतात ढोल दाखवावा, नाहीतर तो परका. ज्या समाजाने त्याला रंगाच्या दोषाची माफी मागायला लावली, त्याच समाजाचे वारस दोनशे वर्षांनी विचारतात की तो रंग संगीतात का नाही. लॅटिन मिस्सा ही त्यांनी मिळवलेली जागा होती. रोझारियोच्या संघातल्या काळ्या लोकांनीही हेच केलं होतं. ज्या धर्माने त्यांना गुलामीत बांधून आणलं त्याच धर्मातलं एक चर्च त्यांनी स्वतःच्या पैशाने उभं केलं आणि स्वतःचं म्हणवून घेतलं. त्या चर्चमध्ये लॅटिन गाणारा माणूस आपल्या लोकांपासून दूर गेला असं मला वाटत नाही. तो त्यांच्या मधोमध उभा होता. त्यांनी मोदिन्याही लिहिल्या, घरात गायची प्रेमगीतं. त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेलेली एक मोदिन्या आजही गायली जाते. पण मोदिन्यांत ब्राझील आणि मिस्सामध्ये युरोप, अशी वाटणी मला करायची नाही. रिओचं सगळं आयुष्य त्या चर्चच्या गायनकक्षात होतं.

गोव्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. त्याच राजाचं राज्य, तीच लॅटिन, तीच मिस्सा, आणि चर्चच्या संगीतशिक्षकाचं तेच पद. १७८७ साली गोव्यात पिंटोंचं बंड झालं, ते बढतीची दारं बंद झालेल्या गोवेकर पाद्रींच्या संतापातून. रिओत जुझे माउरिसिओ दीक्षेसाठी अर्ज करत होते त्याच्या चारच वर्षं आधी. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पुढे जे वादक घडवले ते मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याच्या चर्चमधल्या वृंदाच्या प्रमुखाचा मुलगा, अँथनी गोन्साल्विस, हा त्यांतला एक. या वादकांनाही आपल्याकडे बरीच वर्षं ‘पाश्चात्त्यांची नक्कल करणारे’ म्हटलं गेलं, आणि ते म्हणणाऱ्यांनी त्यांच्या सुरावटी मात्र आनंदाने गुणगुणल्या.

छळाचा मुद्दा राहिला. १८११ साली लिस्बनहून मार्कोस पोर्तुगाल आले. युरोपभर ऑपेरा गाजलेला माणूस. आल्याबरोबर चॅपलच्या संगीताची सूत्रं त्यांच्याकडे गेली आणि पाद्री मागे पडले. हा अन्याय होता, आणि त्यात रंगाचा भाग होता हे मी मानतो. पण त्यावरून जी करुण कथा रचली जाते, की बिचारे पाद्री त्यानंतर मुके झाले, ती खोटी आहे. रेक्विएम त्यानंतरचं आहे. १८२१ साली त्यांनी संगीत आणि पियानोफोर्ते शिकवण्याचं एक पुस्तक लिहिलं, ते आपल्या दोन मुलांसाठी. पाद्री असूनही त्यांना मुलं होती, आणि त्यातल्या एकाला, पुढे डॉक्टर झालेल्याला, त्यांनी १८२८ मध्ये कागदोपत्री आपला मुलगा म्हणून स्वीकारलं. १८२६ मध्ये संत सेसिलियाची मिस्सा लिहिली, ज्या संघाच्या स्थापनेत ते सोळाव्या वर्षी होते त्याच संघासाठी. वर्तुळ पूर्ण करणाऱ्या या कामात मला पराभव दिसत नाही.

आणि मार्कोस पोर्तुगाल यांना खलनायक करणाऱ्यांनी शेवट पाहावा. १८२१ साली दों जुआंव, आता राजा झालेले, लिस्बनला परत गेले. मार्कोस मात्र रिओतच राहिले. १८२२ला ब्राझील स्वतंत्र झालं, चॅपलचा पैसा आटला, दोघांचेही हाल झाले. मार्कोस फेब्रुवारी १८३० मध्ये गेले. जुझे माउरिसिओ १८ एप्रिल १८३० रोजी, गरिबीत. दरबार आला म्हणून एकाला मोठं पद मिळालं आणि दुसऱ्याला त्याहून मोठं, आणि दरबार गेल्यावर दोघेही एकाच शहरात, दोन महिन्यांच्या अंतराने संपले.

दयेची कथा आणखी एक गोष्ट झाकते: शिकवणं. १७९५च्या सुमारास त्यांनी आपल्या घरी संगीताचा वर्ग सुरू केला आणि तो सुमारे अठ्ठावीस वर्षं चालवला. फी नाही. पियानो घेणं परवडत नसे, म्हणून तारांच्या व्हियोलावर शिकवत, असं सांगतात. या वर्गातल्या एका मुलाचं नाव फ्रान्सिस्को मानुएल दा सिल्व्हा. ब्राझीलच्या राष्ट्रगीताचं संगीत त्याचं आहे. प्रत्येक फुटबॉल सामन्याआधी छातीवर हात ठेवून उभे राहणारे ते खेळाडू त्या मोफत वर्गातून बाहेर पडलेला सूर ऐकत असतात. हे आठवलं की ‘याच्यात ब्राझीलचं काही नाही’ या वाक्याचं काय करायचं ते माझ्या मित्राने ठरवावं.

त्यांचं काम टिकलं ते लोकांच्या जिद्दीमुळे. लेखक पोर्तु-आलेग्रे यांनी १८५६ मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. व्हायकाउंट दि तौनाय यांनी त्यांची हस्तलिखितं वाचवायला हवीत म्हणून वर्षानुवर्षं आवाज उठवला. संगीतकार आल्बेर्तो नेपोमुसेनो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेक्विएम छापून घेतलं. आणि क्लेओफे पेर्सोन दि मात्तोस या बाईंनी आयुष्य घालवून १९७० साली दोनशेहून अधिक रचनांची सूची प्रसिद्ध केली. रोझारियोच्या चर्चचा आतला भाग १९६७च्या आगीत जळाला. ज्या कक्षात उभं राहून ते गायकांना इशारे करत, तो आज नाही. कागद आहेत.

डिसेंबर १८१९ मध्ये रिओत मोझार्टचं रेक्विएम वाजलं. संत सेसिलियाच्या संघाने ते आपल्या दिवंगत संगीतकार बांधवांसाठी ठेवलं होतं. नेतृत्व पाद्री जुझे माउरिसिओ यांचं. जोझेफ हायडनचा शिष्य सिगिसमुंड नॉयकॉम त्या वेळी रिओत होता. त्याने त्याचं वर्णन लिहून व्हिएन्नाच्या संगीत नियतकालिकाला पाठवलं, आणि ते १८२० साली छापलं गेलं. त्यात पाद्रींच्या उत्साहाची आणि कुवतीची मनापासून प्रशंसा आहे. मोझार्ट रिओत पोहोचला तो या माणसाच्या हातून. तेव्हा त्यांना ‘ब्राझीलचा मोझार्ट’ कुणी म्हणत नव्हतं. ते पाद्री जुझे माउरिसिओ होते, आणि ज्यांच्यासाठी ते वाजवत होते त्यांना तेवढं नाव पुरेसं होतं.

मित्रा, पुढच्या वेळी येशील तेव्हा मी तुला ‘तोता पुल्क्रा’ ऐकवणार आहे. १७८३चं आहे, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने लिहिलेलं, हाती आलेलं त्यांचं सगळ्यांत जुनं काम. या वेळी पहिल्या मिनिटाला हात वर करू नकोस. शेवटपर्यंत ऐक, आणि मग मोझार्ट नेमका कुठल्या सुरात आहे ते मला बोट ठेवून दाखव.